तणसात पुरलेला गंज

आमच्या शेजारच्या मंदाबाईला चुलीपुढे बसून राहणं जन्मात जमलं नाही, आणि हे ती स्वतःच गावभर सांगते. लाखांदूरच्या अलीकडे, तलावाला लागून आमचं गाव. रोवणा लागला, म्हणजे चिखलात धानाचे परे लावायचे दिवस आले, की बाया मंदाबाईच्या दारात गोळा होतात. कोणाच्या शेतात, कोणत्या बांधीत आधी उतरायचं आणि कोणाला थांबवायचं, हे तीच ठरवते. एरवी मिशीला पीळ देणारे शेतकरी त्या दिवसांत तिच्याशी अदबीनं बोलतात. तिला ते भारी आवडतं. "घरात मी सून. बांधीत मी मंदाबाई," असं ती म्हणते.

तिची सासू सत्यभामाबाई. गुडघे गेल्यापासून ती चुलीपुढे बसत नाही, पण जीभ अजून ठणठणीत आहे. यंदा रोवण्याच्या तोंडावर तिनं फर्मान काढलं.

"सकाळी रांधून ठेवतेस आन दुपारी आम्ही थंडगार भात गिळतो. यंदा मले गरम पायजे. एक दिवस जरी थंडं जेवण आलं, तं तुझा रोवणा बंद. घरी बसून रांधजो."

मंदाबाईनं पदर खोचला. "गरम मिळन. पण कसं, ते विचाराचं नाही."

आता गंमत बघा. सकाळी सासू देवळाकडे गेली की मंदाबाई रात्री भिजवलेली लाखोरीची डाळ, तांदूळ, वांगी, टमाटर, लसूण, सगळं एकाच गंजात, मोठ्या पातेल्यात टाकायची. चांगली खदखदून उकळी आली की झाकण घट्ट बसवायचं, गंज पोत्यात गुंडाळायचा आणि गोठ्यातल्या तणसाच्या ढिगात खोल पुरायचा. धान झोडून उरलेलं ते तणस. ऊब एकदा आत गेली की बाहेर येऊ देत नाही. बाई बांधीत, चूल विझलेली, आणि भात आपला आपण शिजतोय! दुपारी ती तलावाच्या पाळीवरून, त्या उंच बांधावरून घरी यायची, गंज काढायची आणि वाढायची. ताटातून वाफा निघायच्या.

मी लाखांदूरच्या शाळेत शिकवते. मंदाबाईनं शपथ घालून मला हे सांगितलं, तेव्हापासून माझी खिचडीही गादीत गुंडाळून शिजते आणि सकाळची बस चुकत नाही.

सत्यभामाबाई मात्र हैराण. चुलीत हात घालून बघावं तर राख गार.

"काहून वं, कोण रांधून जाते?" ती विचारायची.

"देव येते," मंदाबाई साळसूदपणे सांगायची, "तुम्ही देवळात जाता ना, तो इकडे येते."

पहिले काही दिवस सासूनं मिठावरून कटकट केली. मग तीही बंद झाली. आपला हात बसला म्हणून मंदाबाई खूश. तिचा नवरा टिकाराम दोन्ही वेळा मुकाट जेवायचा. ताटात काय आहे यापलीकडे त्या माणसानं आयुष्यात चौकशी केलेली नाही, आणि घात झाला तो यामुळेच.

त्या दिवशी रविवार होता. आमच्याच बांधीत रोवणा होता, म्हणून मी पाळीवर उभी होते. समोरून गावातल्याच मारोतरावांची बैलबंडी आली, वर तणसाचा हा एवढा डोंगर.

"टिकारामनं देलं," ते लांबूनच ओरडले. "आमचं सारं भिजलं ना! गोठा पुरा झाडून नेला म्हणा."

मंदाबाईच्या हातातली पऱ्यांची जुडी चिखलात पडली. गुडघाभर लुगडं वर धरून ती जी पळत सुटली, ती थेट बंडीवर चढली आणि तणस रस्त्यावर फेकायला लागली.

"अवं बाई, काय करून राहिली?" मारोतराव बैल आवरत ओरडले.

"माहा भात आहे यात!"

झालं. बांधीतल्या सगळ्या बाया कंबरेवर हात ठेवून हसायला लागल्या. मलाही हसू आवरेना, याची मला आजही थोडी लाज वाटते. बंडी रिकामी झाली, रस्ता तणसानं भरला, पण गंज काही सापडला नाही. मंदाबाई ढिगावर मटकन बसली. तिचे डोळे भरलेले बघितले तेव्हा माझं हसू थांबलं. रोवण्याचे अजून कितीतरी दिवस बाकी होते, आणि ते तिला चुलीपुढे काढावे लागणार होते.

मी तिच्यासोबत घरी गेले. सत्यभामाबाई खाटेवर बसलेली. इतक्या उकाड्यात तिनं मांडीवर गोधडी ओढली होती.

मंदाबाई दारातच थांबली. "आई, आज जेवण नाही. मी हारली."

"आधी पाय धू," म्हातारी म्हणाली, "घरभर चिखल करून राहिली."

आणि तिनं गोधडी बाजूला केली. मांडीवर पोतं, पोत्यात गंज. झाकण उचललं तशी लसणाची वाफ थेट आमच्या नाकात शिरली. म्हातारीचं लुगडं काजळीनं काळं झालं होतं.

"टिकाराम तणस भरून राहिला होता, तवाच काढला मी. त्या बैलबुद्ध्याले काय समजते?"

"म्हणजे तुम्हाले माहीत होतं?"

"नाही तं काय! मीठ कोण टाकत होतं इतके दिवस? तुहा देव?"

मंदाबाईला हसावं की रडावं कळेना. "मंग शर्त कायले लावली?"

"सासू आहो मी. काही तं म्हणा लागते." म्हातारीनं गोधडीची घडी घालायला घेतली. तिचा आवाज जरा खाली आला. "माह्या सासूनं मले एकही रोवणा जाऊ देला नाही. पाळीवरून बाया हसत जात, तं मी चुलीपाशी बसून आयकत राहो."

मंदाबाईनं ताटं घेतली आणि पहिला घास सासूच्या हातावर ठेवला. म्हातारीनं तो चावून चावून खाल्ला.

"उद्या वांगे कमी टाकजो," ती म्हणाली. "आन जेव पटकन. बाया थांबल्या असतीन तुह्यासाठी."