कानबाईच्या रोटातली माझी मूठ

कानबाईच्या कामाला मी चालते, रोटाला चालत नाही. असं तोंडावर कुणी कधी म्हणालं नाही. म्हणायची गरजच पडली नाही, मीच मुकाट्यानं उठून पुढच्या खोलीत जायची.

सुरतेतल्या आम्हा खानदेशी लोकांना श्रावणातला कानबाईचा रविवार दिवाळीपेक्षा मोठा. नारळाला डोळे, नथ, कुंकू लावून देवी करायची, चौरंगावर केळीच्या खांबांत बसवायची आणि सोमवारी वाजतगाजत तापीवर पोचवायची. मग रोट. रोट म्हणजे नुसती जाड पोळी नव्हे. शनिवारीच भाऊबंदकीतल्या एकेका पुरुषाच्या नावानं मुठीनं गहू मोजायचे, तेच दळायचे, त्याचेच रोट करायचे आणि ते घरच्यांनीच संपवायचे. बायका नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या मुठीतून जेवतात, बिनलग्नाच्या मुली बापाच्या. लग्न करून दिलेल्या लेकीला मात्र माहेरचा रोट चालत नाही. तिचा तिकडे, सासरी.

आता माझी गंमत बघा. मला चलथाणला दिली होती. चार वर्षं मार खाल्ला, पाचव्या वर्षी एक पिशवी घेऊन दिंडोलीला आईकडे आले आणि रीतसर काडीमोड घेतला. त्याला बारा वर्षं झाली. म्हणजे सासरचा रोट तुटला आणि माहेरचा लागू नाही. एवढ्या मोठ्या जगात माझ्या नावाचे गहू कुठेच नाहीत.

राबायला मात्र मी पहिली. भिंती पुसायला मी, डबे घासायला मी, पुरण वाटायला मी. साड्यांना लेस लावायचं माझं मशीन तीन दिवस बंद ठेवून मी हे सगळं करते. आणि सोमवारी सगळे रोटाला बसले की मी पुढच्या खोलीत एकटी, हातात नाक्यावरचा वाफवलेल्या डाळीचा लोचो. आई दरवर्षी म्हणायची, गरम आहे तोवर खाऊन घे. तिच्या त्या 'खाऊन घे'चा मला लोचोपेक्षा जास्त राग यायचा.

गेल्या श्रावणात ठिणगी पडली ती माझ्या भाच्यामुळे. भाऊ लूमच्या खात्यात, कापडाच्या कारखान्यात कामाला आहे, त्याला मुलगा होऊन तीन महिने झाले होते. शनिवारी माझी थोरली काकू, जिला आम्ही मोठी माय म्हणतो, परात घेऊन बसली. गहू मोजायचा मान तिचा. एकेक नाव घेत तिनं मुठी टाकल्या आणि शेवटी बाळाच्या नावाची टाकली. सगळ्या बायका हसल्या. मीही हसले असते, पण अंगाचा तिळपापड झाला. अहो, ज्याला अजून दात नाहीत त्याची मूठ, आणि बारा वर्षं त्याच्या बापाला वेळेवर डबा करून देते तिची नाही?

मला रोटाची हाव नव्हती. या घरात मी मोजली जाते की नाही, एवढंच मला एकदा बघायचं होतं. मी पुढे झाले, पोत्यात हात घातला आणि एक मूठ परातीत टाकली.

मोठ्या मायनं विचारलं, ही कुणाची? मी म्हटलं, माझी. मग जे व्हायचं ते झालं. बाईची मूठ कधी कुणी टाकली आहे का, कानबाई कोपली तर निस्तरणार कोण, असं ती एका दमात बोलली. शेवटी म्हणाली की, नवरा गेला त्या वर्षी त्याची मूठ मी माझ्या हातानं वगळली, माझी म्हणून कधी टाकली नाही, तू कोण लागून गेलीस? तिचा आवाज तेव्हा जरा फाटला, ते मला ऐकू आलं. पण मी मागे सरकले नाही. आज सरकले असते तर जन्मभर सरकत राहिले असते.

"निवडून काढा माझे दाणे," मी म्हटलं. "सापडले तर मी उचलून घेते."

परातीवर सगळ्या वाकल्या. गहू ते गहू, त्यात माझे कुठले ओळखणार! मोठ्या मायनं परातीतल्या गव्हांतून हात फिरवला. मग म्हणाली, "सव्वा मूठ लागते. टाकायचीच तर पुरी टाक." मी वरची पाव मूठ टाकली. तिनं परात माझ्याकडे सरकवली आणि बजावलं, "दळ. सोमवारी खायला कोण बसतं, ते बघू."

घरघंटीवर पीठ दळताना मला वाटलं, एकानं जरी ताट बाजूला सारलं तरी मी हरले.

सोमवारी तापीवरून आल्यावर सगळे पंगतीला बसले. मी माझं ताट भावाशेजारी मांडलं आणि बसले. रोटाला हात कुणी लावेना. भाऊ मोठ्या मायच्या तोंडाकडे बघत होता. याला मी कडेवर घेऊन शाळेत सोडायची. मला भडभडून आलं, दुःखानं नाही, संतापानं.

तेवढ्यात आई चुलीपासून उठली. बारा वर्षांत या विषयावर तिनं चकार शब्द काढला नव्हता. हातातला रोट तिनं माझ्या ताटात ठेवला आणि सगळ्यांकडे बघून अहिराणीत म्हणाली, "मन्ही पोरनी मूठ शे यामा. जेले चालस नही, तेनी उठी जावो."

कुणी उठलं नाही. मोठ्या मायनं तुकडा मोडला आणि खिरीत बुडवला, मग भावानं. माझा रोट कोरडा, जाड, घशात अडकत होता. मी तो पुरा संपवला आणि आईकडे दुसरा मागितला.