गलाईवाल्यांच्या गाड्या आणि माझं मॉडेल

चार वाजता विट्यात नगरपालिकेपुढं प्रेझेंटेशन, आणि बारा वाजता जगूकाका माझ्या मॉडेलमध्ये खोट काढत बसले होते. काका इथले रिटायर्ड वायरमन, नगरपालिकेनं माझ्या मदतीला दिलेले. गावातला खांब न् खांब पाठ.

मॉडेल म्हणजे कॉम्प्युटरमधलं शहर. वर्षातल्या प्रत्येक तासाला वीज कुठून येणार, कुठं जाणार, ते त्यात दिसतं. आम्हाला सगळं शहर ऊन-वाऱ्यावर चालवून दाखवायचं होतं. दुपारी इलेक्ट्रिक गाड्या चार्ज करायच्या, संध्याकाळी त्यांच्यातली थोडी वीज घरांना परत घ्यायची. वीज कमी पडली की तो तास लाल होतो. माझ्याकडे एकही लाल नव्हता. सांगलीहून येताना मी जाम खूश होते.

काकांनी नकाशातल्या एका गल्लीवर बोट ठेवलं. "हितं एवढ्या गाड्या कुणाच्या?"

"तिथल्याच लोकांच्या. नोंदणी त्याच पत्त्यावर आहे."

"आवं मॅडम, ही समदी गलाईवाली. सोनं गाळायला कोण मद्रासला, कोण कोचीनला. गाडीबी तिकडंच. हितं वर्षभर कुलूप."

"मग येतात कधी?"

"दिवाळीला. समदी एकदमच."

म्हणजे संध्याकाळी घरांना वीज द्यायला मी धरलेल्या गाड्या इथं नव्हत्याच. शहरासाठी मोठी बॅटरी केवढी घ्यायची, ते याच मॉडेलवर ठरणार होतं. लहान घेतली असती तर रोज संध्याकाळी अंधार, आणि शिव्या मला. खरं सांगते, आधी राग काकांचाच आला.

सांगलीच्या ऑफिसात आमच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "चार तास आहेत. दुरुस्त कर. नाही जमलं तर चूक आमची म्हणून मी सांगतो." मी लॅपटॉप पुढ्यात ओढला.

काका एकेक गल्ली सांगत गेले, मी गाड्या काढत गेले. संध्याकाळ लालभडक झाली. मोठी बॅटरी वाढवली, पाण्याचे पंप दुपारच्या उन्हावर टाकले. लाल गेलं, फक्त दिवाळी उरली. लांबून चार्जिंग संपवून आलेल्या गाड्या संध्याकाळी एकदम प्लगला लागत होत्या.

"काका, दिवाळीत हे लोक गाडी घेऊन हिंडतात का?"

"छ्या. आल्या दिवशी मिरवत्यात, मग दारातच."

मग काय, दारातल्या गाड्या दुपारी चार्ज करायला लावल्या. पावणेचारला शेवटचा लाल तास गेला. मी आणि काकांनी चहा मागवला. इतकं हायसं मला इंजिनिअरिंगच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

प्रेझेंटेशनमध्ये एका वयस्कर नगरसेवकांनी विचारलं, "आमच्या गल्लीत गाड्या एवढ्या कमी कशा? माझ्याच पोरांच्या दोन हायत."

"पोरं कुठं असतात, साहेब?"

"कोचीनला," ते म्हणाले, आणि हसून खाली बसले. मोठी बॅटरी मंजूर झाली.

आता कुठल्याही गावचं मॉडेल करताना मी गाड्यांच्या नोंदणीची यादी नंतर मागवते. आधी विचारते, तुमची माणसं घरी कधी असतात?