घरामागे एक राखीव

मी सांगितलेल्या गोष्टीतलं अर्धं सोडून द्यायचं आणि उरलेल्याचे पुन्हा दोन भाग करायचे, असा आमच्या रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या गल्लीचा जुना रिवाज आहे. त्यामुळे पहिली लस घेऊन आलो आणि सांगितलं की रांगेत माझ्यापुढचा माणूस ऐन पंचेचाळिशीत उभा राहिला होता आणि खिडकीपाशी पोचेपर्यंत त्याला पेन्शन सुरू झाली, तेव्हा कोणी पापणीही हलवली नाही. उन्हानं डांबर इतकं पातळ झालं होतं की माझी उजवी चप्पल अजून तिथेच रुतून आहे आणि लोक तिच्यावर पाय पुसून आत जातात, हेही असंच वाया गेलं. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप चढला, हे मात्र सगळ्यांनी मुकाट्यानं मानलं. कारण दादालाही चढला होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, रेल्वेतून निवृत्त झालेला. हा माणूस शिंकतोही वेळापत्रक पाहून. तो दोन गोधड्यांखाली कण्हत पडला होता.

आम्हा दोघांना पेज, गरम पाणी, कपाळावरच्या ओल्या पट्ट्या, सगळं वहिनीच करत होती.

आमच्यात एक पद्धत आहे. नागपूरला लग्न असो की अमरावतीला बारसं, घरचे सगळे एकदम कधी निघत नाहीत. एकाला मागे राखून ठेवतात. देवापुढे दिवा लावायला, नळ आला की पाणी भरायला. विदर्भातून येऊन इथे रुजलेल्या आमच्या सगळ्या घरांतून ही रीत. लस आली तेव्हा तीच रीत कोणाच्या नकळत दंडापर्यंत आली. सगळेच तापानं आडवे झाले तर पाणी कोण देईल? तेव्हा घरामागे एक राखीव. कोण राखीव, यासाठी कुठे बैठक बसली नाही. दिवा लावायला जी मागे राहते, तीच.

"वहिनी, आता तुमी घेऊन घ्या," मी उठून बसल्यावर म्हणालो.

"अन् मी पडली तं? तुमी लावाल काय कुकर? मागं लावला होता तं शिट्टी छताले जाऊन चिकटली म्हणे."

"ते मी सांगतलेलं आहे, वहिनी. तसं काही झालं नव्हतं."

"मंग तं जास्तच भेव वाटते."

पुतणी दारात चपला घालत होती. तेलीबांध्याच्या एका ऑफिसात काम करते. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत देते. "मम्मी, अगले हफ्ते चलो ना. मैं ले जाती हूँ."

"पयले तुहं होऊ दे, पोट्टे. तुले नोकरी आहे."

त्यानंतर जी लाट आली, तिच्याबद्दल मी थापा मारत नाही. सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या धुरावर मी आयुष्यभर विनोद केले आहेत. आमच्याकडचे कावळे जन्मतः पांढरे असतात, असं मी परगावी सांगत असतो. त्या दिवसांत शहरावरचा धूर वेगळ्या जागांवरून येत होता. माझ्या वयाच्या माणसांचे फोन नंबर मी अजून पुसलेले नाहीत. त्यांतले बरेच जण लसीचा विचार करत होते. विचार संपायच्या आत संपले.

वहिनीला तेव्हा काही झालं नाही. यामुळे तिची बाजू आणखी भक्कम झाली.

मग पुतणीची लस आली, ती तापली. आमचे दुसरे डोस आले, आम्ही तापलो, थोडं कमी. मग पोळा, मग महालक्ष्म्या, मग दिवाळीचा फराळ. दर वेळी कोणीतरी आडवं आणि वहिनी उभी. मी आठवण करून दिली की म्हणायची, "साऱ्या घराले टोचलं ना? मधात मी एकटी. चारी बाजूनं भिंती असल्यावर मधातल्या माणसाले काय होते?"

हा विचार अगदीच खुळा नव्हता, हे इथे नोंदवतो. भोवतालच्यांनी लस घेतली की मधल्याला आडोसा मिळतो, हे डॉक्टरही सांगत. आमची गल्ली तर मिरवतच होती. पलीकडच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, मी सांगून आलो होतो की विषाणू आमच्या गल्लीच्या तोंडाशी येतो, आत डोकावतो, माफी मागतो आणि गोलबाजाराकडे वळतो. लोक हसले. मीही हसलो. हसण्यात तेव्हा फार मेहनत लागायची, पण सवय होती.

मग संक्रांत आली. नव्या लाटेची बातमी होती, पण ही सौम्य आहे, असंही सगळे म्हणत होते. गल्लीतल्या बायांनी ठरवलं की मागचं हळदीकुंकू बुडालं, यंदा करायचं. पहिलं आमच्याकडे.

हळदीकुंकवाला पुरुषांची किंमत पायपुसण्याइतकी असते. दादा आणि मी व्हरांड्यात, स्वेटर घालून, तिळगुळाच्या आशेवर. खिडकी उघडी होती. आत गल्लीतल्या यच्चयावत बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या, आणि कोणीतरी सहज विचारलं, "तुमचा दुसरा डोस झाला काय हो?"

"दुसरा? माहा पयलाच नाही. आमच्या यायचे दोन्ही झाले."

"अगं माई, माहाबी राह्यलाच!"

"आमच्याकडे सुनेचं लेकरू लहान. ते तापले की मीच होती ना उठबस कराले."

"म्हणजे तुमी बी?"

"हव, मी बी!"

आणि हशा पिकला. सगळ्यांनी एकाच दुकानातून एकच साडी आणली आहे, हे भर लग्नात कळावं, तसा. सगळ्यांत मोठ्यानं हसत होती कोपऱ्यावरच्या घरातली बाई. सगळी गल्ली तिला ताई म्हणते. तिचा घसा बसला होता. "थंडीनं," म्हणाली, आणि बसल्या आवाजातच लांबलचक उखाणा घेतला.

मी खुर्चीत ताठ झालो. गल्लीभर विखुरलेल्या असताना या बायांना आमचा आडोसा होता. पण आता त्या सगळ्या एका खोलीत मांडीला मांडी लावून बसल्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये भिंतच नव्हती.

"दादा," मी म्हणालो, "आत साऱ्याच्या साऱ्या बिनलसीच्या बसून राह्यल्या."

"तू बी ना," दादा म्हणाला. "सणाच्या दिवशी तरी थापा नको मारू."

मी उठून दाराशी गेलो. वहिनी ताईला कुंकू लावत होती. मला पाहून म्हणाली, "भाऊजी, थांबा, तुमच्यासाठी लाडू ठेवले आहेत." इतक्या बायांसमोर काय बोलणार? मी खिडकीचं दुसरं दार तेवढं उघडलं. "थंडी येते ना!" आतून ओरड झाली, आणि कोणीतरी ते लावून घेतलं.

त्या आठवड्यात गल्लीत सगळ्यांनाच झालं. लस घेतलेल्यांनाही. माझा घसा धरला, दादाला ताप आला, पुतणीला नुसती सर्दी. आम्ही कुरकुरलो, काढे प्यालो आणि उठलो. वहिनी उठली नाही. तिचा खोकला खाली खाली उतरत गेला. बोटाला लावायच्या यंत्रातला आकडा बघून पुतणी माझ्याशी चक्क मराठीत बोलली, "काका, गाडी काढा."

इस्पितळात मागच्या खेपेसारखी झुंबड नव्हती. खाटा मिळत होत्या. ऑक्सिजनच्या खाटांवर मात्र आमच्या गल्लीतल्या ओळखीच्या बांगड्या दिसत होत्या. वहिनीच्या पलीकडच्या खाटेवर ताई होती.

नर्सनं दादाला लसीचं विचारलं, "टीका लगा है?"

"हाँ दीदी," दादा घाईनं म्हणाला, "घर में सबको लगा है. दोनों."

"सबका नहीं पूछा, अंकल. इनका बताइए."

रेल्वेत गाड्यांच्या चौकशीला उभ्या जन्मात न अडखळलेला माझा भाऊ खिशातून स्वतःचं प्रमाणपत्र काढायला लागला. शेवटी पुतणी म्हणाली, "नहीं लगा." नर्सनं लिहून घेतलं. ती रागावली नाही. तिला रागावण्याचाही कंटाळा आलेला असावा.

बाहेर बाकावर ताईचे यजमान बसलेले असत. आम्ही दोघं शेजारी, दोघंही ठणठणीत. त्यांनी एकदा विचारलं, "काहीतरी सांगा ना हो. तुमच्याकडे तं गोष्टींचं गोदाम आहे." गोदामात काही नव्हतं. मी चहा आणायला गेलो.

ताई गेली. वहिनी परत आली.

परत आली म्हणजे तिचं निम्मं आलं. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत मध्ये एकदा थांबायची. डॉक्टर म्हणाले, आजारानंतर काही महिने जाऊ द्या, मग लस. ते महिने गेले. पुतणीनं रजा काढते म्हटलं, तर वहिनी म्हणाली, भाऊजी येतील माह्यासोबत.

केंद्रावर आता रांग नव्हती. पायऱ्या चढताना ती अर्ध्यावर टेकली. मी छत्री धरून उभा राहिलो.

"भाऊजी, पयले कोणाले झालं होतं? तिले का मले? मी तिले कुंकू लावलं, तवा माहाबी घसा खवखवत होता."

"मले काय माहीत, वहिनी."

"एवढ्या थापा मारता साऱ्या दुनियेले. एखादी माह्यासाठी मारा ना."

मी मारली. विषाणू दिल्लीहून वातानुकूलित डब्यातून आला, पुढे जायचं त्याचं रिझर्व्हेशन कन्फर्म झालं नाही म्हणून रायपूरला उतरला, आणि रिक्षावाल्यानं त्याला जास्त पैशांच्या लोभानं सगळी गल्ली फिरवली. थाप बरीच लांबवली. ती हसली, हसण्याचा खोकला झाला, खोकला थांबेपर्यंत मी तिची पाठ चोळत राहिलो. मग म्हणाली, "चांगली होती. पण खरी नाही वाटली."

"नाही," मी म्हणालो.

आत मुलीनं विचारलं, "पहला या दूसरा, आंटी?" वहिनी म्हणाली, "पहला." सुई टोचताना तिनं तोंड फिरवलं नाही.

येताना कोपऱ्यावरच्या घराशी रिक्षा हळू झाली. ताईचे यजमान फाटकात उभे होते. वहिनीच्या दंडावरचा कापूस त्यांना दिसला.

"झालं काय?" त्यांनी विचारलं.

"हव, भाऊ. झालं."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि फाटकाची कडी, जी लागलेलीच होती, ती पुन्हा लावून बघितली.