रस्त्यावर तांब्याभर पानी

त्या दिवशी भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत चौघंच हुतो. मी, माझी जाऊ शांता, सून संगी, आन अ‍ॅसिडच्या टेम्पोचे मामा.

मामांचं नाव कुनी इचारलंच न्हाय. रंगाच्या कारखान्याला अ‍ॅसिडचे कॅन न्यायचे. गल्लीच्या तोंडाशी उतरायचे, रस्त्यावर तांब्याभर पानी ओतायचे आन उकिडवं बसून बघायचे. "सांडलं तर असंच जानार की," म्हनायचे. पानी वळंल तिकडं मानूस हाय का, नळ हाय का बघूनच गाडी घालायचे.

तुमी बी हसला असता. मालक गेल्यावर माझं घर विड्यांवरच. उंबऱ्यात वळत बसायची आन म्हनायची, "मामा, आमाला प्यायला पानी न्हाय, तुमी रस्त्याला पाजताव?"

"रस्त्याला तहान लई, अक्का."

नळाला पानी यायच्या दिवशी ते लांबच्या रस्त्यानं जायचे. त्या दिवशी तिकडं लग्नाचा मांडव, म्हनून हिकडं आले. आमच्यात नळाला जोर न्हाय, खड्डा खनून आत नळ. खड्ड्यात संगी अनवानी, पोटुशी, घागर भरत हुती.

"सूनबाई, वर या."

"नळ गेला मग, मामा? घागर तुमी देताव का?" ती काय हालंना.

मामांनी तांब्या ओतला. पानी सरळ खड्ड्याकडं. गाडीत कायम असायचं ते वाळूचं पोतं आनलं, खड्ड्याम्होरं बांध घातला.

शांता म्हनली, "मामा, ज्वारी पेरताव का हितं?"

"बांध तर घालू द्या, बाई."

गाडी जरा आत आली आन फरशीच्या कडंवर आदळली. कॅन पडला, फुटला. शहाबादी फरशीवर फसफसत अ‍ॅसिड निघालं. शांता सवयीनं बादली घिऊन पळाली.

मामा गाडीतनं उतरत वरडले, "पानी नगं! पसरंल! माती टाका!"

अ‍ॅसिड बांधापाशी आलं, गटारीकडं वळलं. एका जागी वाळू ढासळली. मामांनी तितं पाय लावला. आमी संगीला वर वढून काडंपत्तूर मामा हालले न्हाईत.

"लागलं का वो?"

"न्हाय अक्का. चप्पल जुनीच हुती."

तवापासनं लंगडायचे. तांब्या सुटला न्हाय. गल्लीत आले की संगीची पोरगीच भरून द्यायची.

औंदा मामा गेले. आता दुसरा टेम्पो येतो, हॉर्न मारत सरळ आत. नळ अजून खड्ड्यातच हाय.

हे वाचनारं कुनी गाडीवालं असंल तर एवडंच मागनं हाय. गल्लीच्या तोंडाशी उतरा. पानी मी देते. कुटं जातंय तेवडं बघा, मग या.