लाल चिंधीचा टोमॅटो

आमच्या घरात पिढीजात म्हणावं असं जे एकमेव होतं, ते मी एका रविवारी दुपारी मीठ लावून खाल्लं. एकटीने नाही, चौघांत वाटून. पण कापलं मी, त्यामुळे पाप माझ्या नावावर आहे.

मी लासुर्ण्याच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि अंथुर्ण्याला नवरा आणि सासूबाईंबरोबर राहते. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या शाळेची पायरी चढलेल्या नाहीत आणि मी पदवीधर आहे. (हे वाक्य शेवटपर्यंत लक्षात ठेवा. माझ्या फायद्याचं नाही, तरी ठेवा.)

सुरुवात बारामतीला झाली. तिथे शेतीच्या प्रदर्शनात एक बाई देशी टोमॅटोचं जुनं बी घेऊन बसल्या होत्या. पिवळा, काळपट, लांबुडका, गुलाबी पाकळ्या-पाकळ्यांचा. प्रत्येकाची चव निराळी, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, टोमॅटो तो टोमॅटो, निराळी म्हणजे असून असून किती असणार? त्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मी सहामाहीत नापास झालेल्यांकडे पाहते. मला ते लागलं. चारही वाण घेऊन आले.

परसात आत्याबाईंच्या टोमॅटोशेजारीच माझी रोपं लावली. त्यांचा टोमॅटो त्यांनी लग्नात इंदापूरकडच्या माहेरून आणलेला. बारका, चपटा, देठाशी उकललेला. बावीस वर्षं मी तो सारात खात आले, पण दिसायला इतका सामान्य की कधी निरखून पाहिला नव्हता. त्या वर्षी करपा पडला आणि त्यांची सगळी झाडं गेली. एक राहिलं, त्याला एकच फळ. जुनं बी पेरून संपलेलं. हे त्यांनी जेवताना दोनदा सांगितलं होतं. मी दोन्ही वेळा ‘हो ना’ म्हटलं होतं आणि दोन्ही वेळा मोबाइल बघत होते.

कुठला वाण कुठला, हे कळायला मी कागदाच्या चिठ्ठ्या लावल्या. त्या पाण्याने गेल्या. मग जुन्या लुगड्यांच्या चिंध्या फळांना बांधल्या. पिवळ्याला निळी, काळपटाला हिरवी, लांबुडक्याला पांढरी, गुलाबीला लाल. आता आमच्या गावात फळाला चिंधी बांधली की त्याचा एकच अर्थ होतो: हे बियाला राखलंय, हात लावू नका. दोडक्याला बांधतात, भोपळ्याला बांधतात, आणि जाता-येता काकड्या तोडणारा माणूससुद्धा त्याला हात लावत नाही. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण विज्ञान सुरू असताना असलं काही आठवत नाही.

परिणाम असा झाला की महिनाभर माझ्या एकाही टोमॅटोला कुणी शिवलं नाही. भाजीला टोमॅटो बाजारातून यायचे आणि परसात चाळीस टोमॅटो चिंध्या नेसून उभे. शेजारच्या आबांनी कुंपणावरून विचारलं, की बाई बियाण्याची कंपनी काढताय का. मला वाटलं, घरादाराला माझ्या प्रयोगाचा केवढा आदर!

आत्याबाई दोन दिवसांसाठी लेकीकडे इंदापूरला गेल्या, तेव्हा मी चाखणीचा रविवार धरला. आबा आणि काकींना बोलावलं. चिंधीवाली पिकलेली फळं तोडली. लाल चिंधीच्या फळांत एक बारकं, चपटं, उकललेलं निघालं. मी शास्त्रीय मनाने नोंद केली: ‘गुलाबी वाण, कुपोषित.’ त्याला वेगळी बशी दिली, क्रमांक पाच. तुलनेला बाजारातला एक ठेवला, क्रमांक सहा.

आधी मी व्याख्यान दिलं. चव म्हणजे गोडी, आंबटपणा आणि वास. अर्धी चव नाकात असते. नवऱ्याला नाक दाबून फोड खायला लावली आणि काय लागतं विचारलं. नाक दुखतंय, म्हणाला.

पण खरं सांगते, त्या बाई बरोबर होत्या. पिवळा पिकल्या बोरासारखा गोड, आंबटपणा नावालाच. काळपटाला मुळातच खारटशी चव, मीठ लावायची गरज नव्हती. लांबुडका सगळा गर, रस नाही. गुलाबी दिसायला राजा आणि तोंडात नुसतं पाणी. मी वहीत भराभर लिहीत होते. इतकी वर्षं एकाच नावाखाली आपण काय काय गिळत आलो, याचं मला नवल वाटत होतं.

मग पाच नंबर. आधी झणझणीत आंबट, मग मागून हळूच गोडी, आणि गिळल्यावर हिरव्या पानाचा वास. आबांनी बशीतला रस बोटाने पुसून खाल्ला.

“ह्यो खरा टोमॅटो,” ते म्हणाले. “ह्येचं बी ठेवलंय न्हवं?”

मी म्हटलं, बी काय, झाडावर आहेत की अजून. आणि बशा मोरीत विसळून टाकल्या.

आत्याबाई दुसऱ्या दिवशी आल्या. पिशवी ठेवली आणि तशाच परसात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांची नजर टेबलावरच्या चिंध्यांकडे गेली. त्यातली एक लाल उचलली. सुती, काठाची, त्यांच्याच लुगड्याची. तिला गाठ त्यांची होती.

“ह्यात बांधल्यालं कुठं हाय?”

मी वहीत पाहिलं. पाच नंबरपुढे लिहिलं होतं: ‘सर्वोत्तम.’

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “माझ्या आईच्या हातचं हुतं,” एवढंच म्हणाल्या आणि मोरीचं पाणी जिथे अळूत जातं तिथे जाऊन बसल्या. मला इतकी लाज वाटली की मी दोन दिवस वर्गात कुणालाच रागावले नाही.

तीन आठवड्यांनी त्याच अळूत टोमॅटोची रोपं उगवली. एकतीस! पण सहाही बशा तिथेच विसळलेल्या, त्यामुळे आत्याबाईंची रोपं यातली कुठली? मी जाहीर केलं, की एकतीसही लावीन, वाढवीन आणि चवीवरून शोधून देईन. आत्याबाईंनी मान हलवली. भर उन्हाळ्यात मी बादल्या वाहिल्या. फळं धरली तसं दर सकाळी चहाआधी एकेक फोड, नाक उघडं, नाक दाबून, वहीत नोंद. आंबून आंबून दातांना चहाही सोसेना. अखेर एकोणीस नंबरच्या झाडाशी मी थांबले. आंबट, मग गोडी, मग पानाचा वास. डोळ्यांत पाणी आलं. फळ आत्याबाईंच्या हातावर ठेवलं.

त्यांनी जिभेला लावलं. “ह्यो बाजारातला.”

मग मला अळूच्या कडेला घेऊन गेल्या. तिथल्या दोन झाडांना लाल चिंध्या होत्या, फळांना नाही, बुडाशी. रोपं वीतभर असतानाच बांधलेल्या, पान चुरगाळून वास घेऊन. मी वहीत त्यांची नोंद केली होती: ‘जुन्या चिंध्या, काढायच्या राहिल्या.’

मी विचारलं, मग मला इतके दिवस चाखायला का लावलं? तर म्हणाल्या, तुझं शास्त्र चाललं हुतं, मधी कशाला बोलू.

परवा त्यांनी माझ्या हातावर एक पुडी ठेवली. राखेत चोळून वाळवलेलं बी, वरून लाल चिंधीची गाठ. मला भरून आलं. बावीस वर्षांत त्यांनी हे बी माझ्या हाती पहिल्यांदाच दिलं होतं. मी वाकून नमस्कार करणार, एवढ्यात त्यांनी पुडीवर बोट ठेवलं.

“ह्ये पेरायचं हाय,” त्या सावकाश म्हणाल्या. “चाखायचं न्हाय.”