आईच्या खोलीतली फायरप्लेस

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर आई नागपूरहून आमच्याकडे अमेरिकेत, नेपरव्हिलला आली. जिना चढणं तिला जमणार नव्हतं, म्हणून खालची फॅमिली रूम तिला दिली. तिथे विटांची जुनी फायरप्लेस होती. मुलीला दमा असल्यामुळे आम्ही ती कधीच पेटवली नव्हती. पण थंडी सुरू झाली तसा तिच्या धुराड्यातून बर्फासारखा वारा खाली यायला लागला, आणि वाऱ्याबरोबर जुन्या काजळीचा वास.

आई शाल गुंडाळून बसायची. विचारलं की म्हणायची, "ठीक आहे गं." मग एकदा चहा पिताना शांतपणे म्हणाली, "मी परत जाते. गुडघा इथे आखडतोय."

"जायचं नाही," मी म्हणाले. "मी ते बंद करते."

"यार, कुणाला तरी बोलवू ना," नवरा म्हणाला. फोन केले, पण थंडीच्या तोंडावर कुणालाच वेळ नव्हता. मग मीच कामाला लागले. घर गरम करणारी भट्टी आणि गीझर यांचा धूर वेगळ्या पाइपातून जातो, याची आधी खात्री करून घेतली. काजळी झाडून काढली. विटांत भोकं पाडून लाकडी पट्ट्या ठोकल्या, त्यांवर प्लायवूड बसवलं आणि कडेच्या सगळ्या फटी सीलंटने बुजवल्या. वर भिंतीचाच रंग दिला. वारा थांबला. आईने हात लावून पाहिलं आणि म्हणाली, "छान बसलंय."

पुढच्याच आठवड्यात दुपारी मी घरूनच, वरच्या खोलीत मीटिंगमध्ये असताना आईने हाक मारली. प्लायवूडच्या मागून फडफड ऐकू येत होती. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. मुलगी शाळेतून आली होती, फळीला कान लावून ओरडली, "आजी, इट्स अ बर्ड!"

"उघड ते," आई म्हणाली.

"आई, आत्ताच रंग वाळलाय."

"रंग पुन्हा देता येईल. उघड."

मीटिंग सोडली. सीलंट सुरीने कापलं, एकेक स्क्रू काढला. अंगावर ठिपके असलेला एक काळा पक्षी सुसाट बाहेर आला, आईच्या पांढऱ्या चादरीवर काजळी उडवत दोन घिरट्या मारून मुलीने उघडून ठेवलेल्या दारातून निघून गेला. मुलगी टाळ्या पिटत होती. मी मात्र हातातल्या फळीकडे बघत होते. तिची मागची बाजू ओली होती आणि खालचा कोपरा बोटाने दाबला तर दबत होता. वरून पाऊस-बर्फ येत होता आणि हवेला आत खेळायला जागाच ठेवलेली नव्हती. पक्षी आला नसता, तर वसंतात भिंतच कुजलेली सापडली असती.

मला रडू आलं. आई काठी टेकत आली, फळी बघितली. "पुन्हा कर," एवढंच म्हणाली, आणि चादर काढायला लागली.

पुन्हा केलं. छपराचं काम करणाऱ्या एका माणसाच्या मी इतकी मागे लागले की शेवटी बर्फ थांबलेल्या एका सकाळी तो आला आणि धुराड्यावर टोपी बसवून गेला: पाऊस आत जाणार नाही, पक्षी शिरणार नाही, पण बाजूच्या जाळीतून हवा जाईल. धुराडं बंद करणारी आतली लोखंडी झडप मी उघडीच ठेवली. फायरप्लेसच्या विटा पूर्ण वाळू दिल्या. तोवर आई मुलीच्या खोलीत झोपली; जिना मी आणि मुलीने तिला धरून चढवला. नवं प्लायवूड आणलं, त्यात खाली चौकोन कापला आणि हवा खेळावी म्हणून कायम उघडी राहणारी बारीक जाळी बसवली. नवरा रंग द्यायला स्वतःहून खाली बसला.

जाळीजवळ हात धरला की हवा जेमतेम कळते. काम संपवून खाली आले की मी आधी फळीचा कोपरा दाबून बघते. तो कडक आहे. जानेवारीतल्या मोठ्या वादळात शाळा बंद होती. मी वर कॉलवर होते आणि खालून आईचा आवाज येत होता. नातीला समोर बसवून ती गुडघ्याचा व्यायाम करत होती आणि तिच्याकडून मराठीत आकडे म्हणवून घेत होती. एकोणतीसला नात अडली. आईने तिला पहिल्यापासून सुरू करायला लावलं.