योमसाहेब ड्युटी लावायला शिकतात

दक्षिण कोरियातल्या मोकपो बंदरातल्या आमच्या छोट्या बस कंपनीच्या आगारात योम मान-सिक यांना समोर सगळे ‘योमसाहेब’ म्हणत, आणि पाठ वळली की ‘खिळा’. त्यांनी एखाद्याची ड्युटी जिथे ठोकली तिथून ती हलायची नाही, म्हणून. ड्युटी लावणं, रजा देणं, नवे ड्रायव्हर घेणं, सगळं त्यांच्याच हातात होतं. मी, कू मी-रान, तिथली पहिली बाई ड्रायव्हर. मलाही त्यांनीच घेतलं, आणि ‘बाईमाणूस म्हणून काही सवलत मिळणार नाही’ हेही त्याच दमात सांगितलं.

माणूस मनाने चांगला. बर्फ पडला की स्वतः फावडं घेऊन तो वितळावा म्हणून चढावर मीठ टाकत फिरायचे. कुणाच्या घरी मयत झालं की प्रेत उठेपर्यंत तिथून हलायचे नाहीत. पण कुणाशी दोन शब्द नीट बोलायचे म्हटले की जीभ आखडायची. विचारलेलं त्यांना आवडत नसे आणि स्वतः ते कुणाला काही विचारत नसत.

मग नवे ड्रायव्हर टिकेनात. यायचे, मार्ग शिकायचे आणि दुसऱ्या कंपनीत जायचे. एक दिवस जेवताना मालक सहज म्हणाले, की ग्वांगजू शहरातून माणसं सांभाळायचं शिकलेला एखादा माणूस आणावा लागेल. योमसाहेबांनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. सार तसंच राहिलं. त्यांच्या बायकोने, सुन-रे वहिनींनी, पुढचं मला सांगितलं. घरी आल्यावर ते म्हणाले, “शिकलेलाच पाहिजे ना? मग मी शिकतो.”

पदवी त्यांनी तरुणपणी नोकरी करता करता घरी बसून घेतली होती. आता साठीकडे झुकलेलं वय. राजधानी सोलच्या एका विद्यापीठाच्या मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर वर्गात त्यांनी ऑनलाइन नाव घातलं. माणसांना धरून कसं ठेवायचं याची एखादी युक्ती तिथे मिळेल, अशी त्यांची समजूत होती.

शनिवारी सकाळी आगाराच्या ऑफिसातच त्यांचा वर्ग भरायचा. वर कोट आणि टाय, खाली आगाराची निळी पँट आणि रबरी चपला. एकदा खिडकी लावायला उठले आणि सगळ्या वर्गाने ते पाहिलं. लगेच वर्गातल्या त्यांच्या गटाची प्रमुख असलेल्या मुलीचा मेसेज आला, ‘सर, चपला छान आहेत.’ ही हा-युल. सोलमधल्या एका कपड्यांच्या कंपनीत नोकरी करणारी, साहेबांच्या मुलीपेक्षाही लहान. त्यांचा पहिला निबंध तिने परत पाठवला होता. वर विचारलं होतं, ‘सर, हे माणसांबद्दल आहे की बसबद्दल?’ साहेबांनी तो पुन्हा वाचला आणि आम्हाला वाचून दाखवताना स्वतःच हसू लागले. त्यांचे दात आम्ही तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले.

घरी ते रेकॉर्ड केलेली व्याख्यानं ऐकायचे तेव्हा वहिनी शेजारी लसूण सोलत बसायच्या. समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यावं, असं प्राध्यापक म्हणाले की वहिनी म्हणायच्या, “हे मी लग्नापासून सांगतेय. पण मी फी घेत नाही ना, म्हणून शिरलं नाही.”

दुसऱ्या सत्रात एक काम आलं. आपल्याकडची नोकरी सोडून गेलेल्या एकाला भेटायचं, का सोडली ते विचारायचं आणि तो बोलेल ते ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही, खुलासा द्यायचा नाही. साहेबांनी हा-युलला सुचवलं, की तुझ्या कंपनीतलं कुणी बघ. ती म्हणाली, “सर, माणसं तुमच्याकडची गेलीत.”

सोडून गेलेल्यांत साहेबांना सलणारा एकच होता, प्यो जोंग-ताए. आमचा सगळ्यात चांगला ड्रायव्हर. पुलापलीकडच्या बेटाची फेरी त्याने वर्षानुवर्षं चालवली होती. आईच्या श्राद्धाला त्याने रजा मागितली, साहेबांनी ती चारचौघांत नाकारली, आणि पुढच्याच आठवड्यात त्याने राजीनामा दिला. आता तो बाजारात टोफूचं दुकान चालवत होता. साहेब मला म्हणाले, “मी-रान, तूही चल. मी एकटा गेलो तर तो अंगावर पाणी ओतेल.”

आम्ही दुपारी गेलो. प्योने पाणी ओतलं नाही. हात पुसले, स्टुलं पुढे सरकवली आणि गरम टोफूवर कांद्याची पात घातलेला सोया सॉस ओतून वाट्या समोर ठेवल्या. साहेबांनी शाळेतल्या मुलासारखा पाठ केलेला प्रश्न विचारला. प्योने स्वतःलाही एक स्टूल ओढलं.

“श्राद्धाची रजा दिली नाहीत त्याचा राग आला होता,” तो म्हणाला. “पण त्यासाठी नोकरी नव्हती सोडली. दुसऱ्या दिवशी आलो तर बेटाची फेरी दुसऱ्याला दिलेली. मला शहरातल्या शहरात टाकलेलं. त्या बेटावर कुठली म्हातारी कुठे उतरते, कुणाच्या टोपलीत काय असतं, सगळं मला ठाऊक होतं. एका शब्दाने तरी विचारायचं होतंत. मला वाटलं, रजा मागितली म्हणून शिक्षा केलीत.”

साहेबांचं तोंड उघडलं. मी शेजारीच होते, मानेची शीर ताठ झालेली मला दिसली. मग तोंड मिटलं. वाटीतला टोफू त्यांनी संपवला, उठून कमरेत वाकले आणि म्हणाले, “सांगितलंस, बरं केलंस.” एवढंच.

परतताना बंदराच्या कडेने चालत होतो. ते म्हणाले, “त्या वर्षीच्या तपासणीत डॉक्टरांनी त्याच्या कमरेबद्दल लिहिलं होतं. बेटावरचा रस्ता तेव्हा उखडलेला. म्हणून शहरात आणलं त्याला.”

मी जागच्या जागी थांबले. “मग सांगितलं का नाहीत? आत्ता तरी सांगायचं होतंत.”

“खुलासा द्यायचा नाही असा नियम आहे,” ते म्हणाले. आणि थोडं पुढे गेल्यावर, “शिवाय, सांगितलं असतं तर त्याला माझे आभार मानावे लागले असते. बिचारा इतक्या वर्षांचं मनातलं बोलला होता.”

माझ्याच्याने राहवलं नाही. पुढच्या बाजाराला गेले तेव्हा मी प्योला खरं काय ते सांगितलं. त्याने टोफू कापायचा थांबवला, सुरी तशीच हातात.

“मग विचारायचं होतं ना, ताई,” तो म्हणाला. “कंबर माझी होती.”

हे वाक्य मी साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं आणि वहीत उतरवून घेतलं. पुढे त्यांचा सगळा प्रबंध याच एका गोष्टीवर झाला, की ड्युटी लावण्याआधी माणसाला विचारलं तर काय होतं.

आमच्याकडे काय झालं, तर सुरुवातीला नुसता गोंधळ. साहेब एकेकाला आत बोलावून ‘तुम्हाला कुठली फेरी हवी?’ असं विचारू लागले. आमच्यातले सगळ्यात जुने ग्ये दादा बाहेर आले ते पांढरेफटक पडून. म्हणाले, “मला काढणार बहुतेक. आज फार गोड बोलतायत.” तरुणांना सगळ्यांनाच रविवार मोकळा हवा होता, पहाटेची फेरी कुणालाच नको होती. दोघे हमरीतुमरीवर आले. साहेबांनी वैतागून हा-युलला फोन केला. ती म्हणाली, “मग हे भांडण त्यांनाच सोडवू द्या ना, सर.” त्यांनी आम्हाला कँटीनमध्ये बसवलं, चहा मागवला आणि दार ओढून घेतलं. आम्ही खूप भांडलो. बाहेर आलो तेव्हा पहाटेच्या फेऱ्या पाळीपाळीने वाटलेल्या होत्या. त्यात ग्ये दादांनी आपण होऊन एक जास्तीची घेतली, कारण घरी त्यांना तशीही झोप लागत नसे.

त्यानंतर कुणी सोडून गेलंच नाही असं नाही. पण जाणारे आता निरोप घेऊन जाऊ लागले, आणि ग्वांगजूच्या माणसाचा विषय मालकांनी पुन्हा काढला नाही. प्यो परत आला नाही, त्याचं दुकान चांगलं चाललं होतं. पण साहेबांच्या पदवीदानाला सोलला जायला मी निघाले तेव्हा स्टेशनवर वहिनींच्या शेजारी तो कोट घालून उभा होता. गाडीत साहेब आणि तो शेजारीशेजारी बसले आणि सगळा वेळ मासेमारीवर बोलले.

तिथे हा-युल पहिल्यांदा समोर आली. ती साहेबांपेक्षा उंच निघाली, आणि तिने आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं. चकचकीत बूट होते. फोटोच्या वेळी साहेबांनी आपली काळी टोपी काढून वहिनींच्या डोक्यावर ठेवली. वहिनींनी ती जरा सरळ केली आणि म्हणाल्या, “आता मी बोलेन ते ऐकायचं.” साहेबांनी मान डोलावली.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोपाचं जेवण कधी ठेवायचं हे त्यांनी सगळ्यांना विचारलं. सकाळपाळीला संध्याकाळ सोयीची, संध्याकाळपाळीला दुपार, आणि बस तर बंद ठेवता येत नाहीत. शेवटी दोन जेवणं झाली. दोन्हीकडे त्यांनी पोटभर खाल्लं, दोन्हीकडे थोडं रडले, आणि पुढचे दोन दिवस वहिनींनी त्यांना पातळ पेजेवर ठेवलं.